नेक्स्टक्लाउडचं हरवलेलं कॅलेंडर बॅकअपमधून परत कसं आणायचं

कॅलेंडर गेल्याचं कळलं की पहिला मोह होतो तो कालचा डेटाबेस डंप, म्हणजे डेटाबेसच्या मजकुराची बॅकअप फाइल, उचलून चालू सर्व्हरवर ओतण्याचा. तो आवरा. नेक्स्टक्लाउड म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर फायली, कॅलेंडर आणि चॅट चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात कॅलेंडर, फायलींची यादी, शेअर, युजरांचे पासवर्ड, टॉक या चॅट ॲपमधले संदेश हे सगळं एकाच डेटाबेसमध्ये राहतं. एका माणसाच्या तारखांसाठी डंप ओतलात तर सगळ्या ऑफिसचं काम एक दिवस मागे जातं, आणि फोनवरची कॅलेंडरं सर्व्हरशी जुळेनाशी होतात ते वेगळंच. बॅकअप बाजूला उघडायचा, त्यातून हव्या तेवढ्या नोंदी काढायच्या आणि कॅलडॅव्हमधून, म्हणजे फोन जसा नोंद पाठवतो तशाच, त्या चालू सर्व्हरला द्यायच्या. वेळ थोडा जास्त लागतो, पण दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही.

पुढची सगळी पद्धत मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलवर चालणाऱ्या नेक्स्टक्लाउडसाठी आहे. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटचे फरक शेवटी दिले आहेत. आज्ञा आणि टेबलांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची; जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी सर्व्हर थांबवा

पहिली आज्ञा, नेक्स्टक्लाउडच्या ओसीसी या टर्मिनल-साधनाची: ओसीसी मेंटेनन्स:मोड --ऑन. ती वेब सर्व्हरच्या युजरनं चालवायची. डेबियन आणि उबुंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो. या मोडमध्ये सर्व्हर प्रत्येक फोनला ५०३ (सेवा सध्या बंद) असं उत्तर देतो आणि फोन ‘नंतर बघू’ म्हणून गप्प बसतो. सर्व्हर चालूच ठेवलात तर पुढच्या सिंकला फोनला रिकामं कॅलेंडर दिसतं आणि तो आपल्याकडची प्रतही इमानदारीनं पुसून टाकतो. मेंटेनन्स मोडमध्ये क्रॉनची, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी, कामंही थांबतात, त्यामुळे कचरापेटीतल्या मुदत संपलेल्या नोंदी तेवढ्या वेळात कायमच्या जात नाहीत.

ज्यांच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर जुन्या नोंदी अजून दिसतात, त्यांना ताबडतोब एअरप्लेन मोड लावायला सांगा. कालचा डंप आणि आजची दुर्घटना यांच्या मधल्या नोंदी बहुतेक वेळा फक्त तिथेच उरलेल्या असतात. थंडरबर्डमधून कॅलेंडर आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदींची मजकूर) फाइल म्हणून निर्यात करता येतं, मॅकच्या कॅलेंडर ॲपमधूनही. ही निर्यात नेट बंद असतानाच करून घ्या.

मग आहे त्या, बिघडलेल्या स्थितीतल्या डेटाबेसचा एक डंप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर ठेवा. पुढे काही चुकलं तर निदान इथवर परत येता येईल.

खरंच गेलंय का?

नेक्स्टक्लाउड २२ पासून कॅलेंडरला स्वतःची कचरापेटी आहे. पुसलेली नोंद किंवा अख्खं कॅलेंडर तिथे ३० दिवस राहतं. डेटाबेसमध्ये बघायचं तर कॅलेंडर्स आणि कॅलेंडरऑब्जेक्ट्स या दोन टेबलांमधला डिलीटेड_ॲट हा कॉलम तपासा. टेबलांच्या नावाआधी सहसा ओसी_ हा उपसर्ग असतो. तुमच्याकडे तो वेगळा असेल तर कॉन्फिग.पीएचपी मधल्या डीबीटेबलप्रीफिक्स मध्ये सापडेल. डिलीटेड_ॲट मध्ये आकडा असेल तर नोंद जिवंत आहे, फक्त लपलेली आहे. मेंटेनन्स मोड काढून त्या युजरच्या कॅलेंडरच्या कचरापेटीतून ती परत आणा. एसक्यूएलनं, म्हणजे डेटाबेसला थेट आज्ञा देऊन, तो आकडा नल (रिकामा) करू नका. वेबवर नोंद दिसायला लागेल, पण बदलाची खबर कुठेच लागलेली नसल्यामुळे फोनपर्यंत ती पोचणार नाही.

युजरच ओसीसी युजर:डिलीट नं काढला गेला असेल तर कचरापेटीत काही सापडणार नाही; त्याची कॅलेंडरं थेट जातात.

आणखी एक प्रकार बराच दिसतो. एलडॅपमधून, म्हणजे संस्थेच्या सामायिक युजर-यादीतून, युजर येत असतील आणि तिथे काही बदललं, तर नेक्स्टक्लाउड त्याच माणसाला नवा अंतर्गत आयडी देतं. कॅलेंडर्स टेबलमध्ये मालकाची नोंद प्रिन्सिपलयूआरआय या कॉलममध्ये, प्रिन्सिपल्स/युजर्स/ आणि पुढे युजर आयडी अशी असते. माणूस नव्या आयडीनं आत येतो, कॅलेंडर जुन्याच आयडीला चिकटलेलं राहतं आणि समोर रिकामी पाटी दिसते. इथे बॅकअपला हात लावायची गरजच नाही. एलडॅप_युजर_मॅपिंग टेबल बघून जुना आयडी पूर्ववत करा.

डंप वापरण्याजोगा आहे का

सर्वांत ताजा डंप घ्या, असं सगळे सांगतात. पण ‘ताजा’ म्हणजे नुकसान होण्याआधीचा ताजा. कॅलेंडर शुक्रवारी गेलं आणि सोमवारी कळलं, तर शनिवार-रविवारचे डंप बिनकामाचे. म्हणून रोजचे डंप रोज पुसणारी व्यवस्था धोक्याची.

दाबलेली फाइल असेल तर जीझिप -टी नं ती अखंड आहे का बघा. मग फाइलचं शेपूट बघा. मायएसक्यूएलडंप काम पुरं झाल्यावर शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ असं तारखेसह लिहितो. ती ओळ नसेल तर डिस्क भरली असेल किंवा जोडणी मधेच तुटली असेल. तरीही फाइल फेकू नका. टेबलं वर्णानुक्रमानं येतात आणि कॅलेंडरची टेबलं सी अक्षराची, म्हणजे बरीच वर असतात. अर्ध्यात तुटलेल्या डंपमध्येही ती पूर्ण मिळण्याची शक्यता चांगली असते.

हवी ती टेबलं कोणती? कॅलेंडर्स मध्ये प्रत्येक कॅलेंडरची एक रो (ओळ), कॅलेंडरऑब्जेक्ट्स मध्ये प्रत्येक नोंदीचा पूर्ण आयसीएस मजकूर, डॅव्ह_शेअर्स मध्ये कुणाबरोबर काय शेअर केलंय ते. कॅलेंडरऑब्जेक्ट्स_प्रॉप्स हा फक्त शोधासाठीचा निर्देशांक आहे आणि कॅलेंडरचेंजेस ही सिंकची वही. ही दोन्ही सर्व्हर नव्यानं भरतो, ती आणायची नाहीत.

डंप बाजूला उघडणं

डॉकर हे प्रोग्राम एकमेकांपासून वेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन; त्यात मारियाडीबीचा एक रिकामा कंटेनर उभा करा. चालू सर्व्हरवर जी मोठी आवृत्ती आहे तीच घ्या, उदाहरणार्थ १०.११, आणि पोर्ट बाहेर उघडू नका. डेटाबेस बनवताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ द्या. डंप भरतानाही क्लायंटला --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ सांगा. हे राहिलं आणि क्लायंट लॅटिन१ धरून बसला, तर मराठी कॅलेंडरांची नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात किंवा प्रत्येक अक्षराच्या जागी चिन्हं चढवलेल्या रोमन अक्षरांचे तुकडे दिसतात. नोंदींचा मजकूर बहुधा यातून वाचतो, कारण कॅलेंडरडेटा हा कॉलम लाँगब्लॉब आहे आणि त्यात नुसते बाइट असतात. नुकसान होतं ते कॅलेंडरच्या नावांचं.

भरताना दोन चुका वारंवार अडवतात.

पहिली: पहिल्याच ओळीवर ‘अननोन कमांड’. मे २०२४ पासूनच्या मारियाडीबी आवृत्त्या डंपच्या सुरुवातीला सँडबॉक्स मोड चालू करणारी एक खास ओळ टाकतात. जुन्या मारियाडीबीचा आणि मायएसक्यूएलचा क्लायंट ती ओळखत नाही. क्लायंट नवा घ्या, नाहीतर टेल -एन +२ नं पहिली ओळ सोडून बाकीचं भरा. डेटाला काही होत नाही.

दुसरी: १२७३, ‘अननोन कोलेशन’ (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना करण्याचा नियम). डंप मायएसक्यूएल ८ चा आणि बाजूचा कंटेनर मारियाडीबीचा असला की हे होतं. कोलेशनची नावं शोधून बदलत बसण्यापेक्षा कंटेनरच मायएसक्यूएल ८ चा घ्या. इथून आपल्याला फक्त वाचायचं आहे.

डंप फार मोठा असेल तर तो सहसा फाइलकॅश आणि ॲक्टिव्हिटी या टेबलांनी फुगलेला असतो. प्रत्येक टेबलच्या आधी डंपमध्ये ‘टेबल स्ट्रक्चर फॉर टेबल’ अशी टिप्पणी असते. ऑक या मजकूर छाटणाऱ्या साधनानं दोन टिप्पण्यांमधला भाग कापून फक्त कॅलेंडरची टेबलं भरली तर तासाचं काम मिनिटांत होतं.

भरून झालं की मोजदाद: प्रत्येक कॅलेंडरआयडी आणि कंपोनंटटाइपप्रमाणे रो किती, आणि लास्टमॉडिफाइड चा सर्वांत मोठा आकडा किती. कंपोनंटटाइप महत्त्वाचा, कारण टास्क ॲपची कामं याच टेबलात व्हीटूडू म्हणून राहतात आणि घाईत ती विसरली जातात. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. शेवटी पडताळा याच्याशीच घ्यायचा आहे.

नोंदी बाहेर काढणं

घोळ सर्वांत जास्त इथे होतो. मायएसक्यूएल क्लायंटमधून कॅलेंडरडेटा नुसता सिलेक्ट करून फाइलमध्ये वळवला की क्लायंट प्रत्येक नवी ओळ उलटी तिरकी रेघ आणि एन अशी लिहितो आणि मजकुरातल्या मूळ तिरक्या रेघा दुप्पट करतो. अशी फाइल दिसते आयसीएससारखी, पण सर्व्हर ती घेत नाही. वर टू_बेस६४ वापरलं तर तेही ७६ अक्षरांवर ओळ मोडतं. सरळ मार्ग हेक्सचा, म्हणजे प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिण्याचा: यूआरआय (नोंदीचं सर्व्हरवरचं नाव) आणि हेक्स(कॅलेंडरडेटा) असे दोन कॉलम काढा, एक रो म्हणजे एक ओळ, आणि छोट्या लूपमध्ये प्रत्येक ओळ एक्सएक्सडी -आर -पी मधून काढून यूआरआयच्या नावाची फाइल बनवा. बाइटला बाइट जुळतो. डिलीटेड_ॲट नल असलेल्या आणि कॅलेंडरटाइप ० असलेल्याच रो घ्या; १ म्हणजे बाहेरून सबस्क्राइब केलेली कॅलेंडरं, ती आपोआप पुन्हा उतरतात.

या फाइली मजकूर-संपादकात उघडून ‘नीट’ करू नका. आयसीएसमध्ये ओळ ७५ बाइटांवर मोडून पुढची ओळ एका स्पेसनं सुरू करण्याचा नियम आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. काही जुन्या ॲपांनी ओळ नेमकी त्या ३ बाइटांच्या मधे मोडलेली असते. कॅलेंडर ॲप आधी बाइट जोडतं आणि मग वाचतं, म्हणून त्याला ‘सुनावणी’सारखा शब्द व्यवस्थित दिसतो. संपादक मात्र आधी वाचतो, तुटका बाइट चुकीचा ठरवून बदलतो आणि सेव्ह केलं की ते अक्षर कायमचं जातं.

अनेक नोंदी चिकटवून एक मोठी फाइल बनवण्याच्याही फंदात पडू नका. प्रत्येक नोंदीला स्वतःचं व्हीकॅलेंडर वेष्टन आणि व्हीटाइमझोन (वेळ कुठल्या देशाची ते) असतो. तो सुटला तर सकाळी १० ची बैठक काही फोनांवर दुपारी साडेतीनला दिसते.

दहा-वीस जणांची कॅलेंडरं आणायची असतील आणि जुन्या कॉन्फिग.पीएचपीची प्रत हाताशी असेल, तर दुसरा रस्ता आहे. अगदी त्याच आवृत्तीचं तात्पुरतं नेक्स्टक्लाउड नेटपासून तोडून उभं करायचं, त्याला हा बाजूचा डेटाबेस जोडायचा आणि प्रत्येक कॅलेंडरच्या डॅव्ह पत्त्यापुढे (तो पुढे ‘परत पाठवणं’ मध्ये दिला आहे) प्रश्नचिन्ह आणि एक्सपोर्ट लावून पूर्ण आयसीएस उतरवायची. आवृत्ती जरा जरी वेगळी असली तर ते आधी अपग्रेड मागतं. नेटपासून तोडायचं कारण साधं आहे: जोडलेलं राहिलं तर हे दुसरं नेक्स्टक्लाउडही आपल्या वेळेला आठवणींचे मेल पाठवू लागतं.

परत पाठवण्याआधी निमंत्रणं बंद करा

ही पायरी गाळू नका. ज्या नोंदीत युजर आयोजक आहे आणि इतर निमंत्रित आहेत, ती नोंद नव्यानं आली की सर्व्हरच्या दृष्टीनं ती नवी बैठक असते आणि तो सगळ्यांना मेल पाठवतो. होऊन गेलेल्या बैठका तो सोडतो, पण दर सोमवारची चालू बैठक आणि पुढच्या महिन्याचं सगळं जातं. ग्राहकांच्या, वकिलांच्या, पेशंटच्या इनबॉक्समध्ये एका सकाळी पन्नास निमंत्रणं पडणं फार वाईट. ओसीसी कॉन्फिग:ॲप:सेट डॅव्ह सेंडइन्व्हिटेशन्स --व्हॅल्यू नो द्या (sendInvitations, यातला आय मोठा), किंवा ॲडमिन सेटिंगमध्ये ग्रुपवेअरखालची खूण काढा.

यानं मेल थांबतात, पण त्याच सर्व्हरवरच्या निमंत्रितांच्या कॅलेंडरात नोंद तरीही जाते. म्हणून ज्यांची कॅलेंडरं शाबूत आहेत त्यांना आधी कल्पना द्या, आणि एकाहून जास्त जणांची आणायची असतील तर आयोजकाची शेवटी घ्या.

परत पाठवणं

मेंटेनन्स मोड काढा; तो चालू असताना ओसीसीच्या डॅव्ह आज्ञा चालत नाहीत. कॅलेंडरच गेलं असेल तर ते आधी ओसीसी डॅव्ह:क्रिएट-कॅलेंडर नं बनवा. वेबमधून किंवा कॅलडॅव्हमधून बनवायला गेलात तर नव्या आवृत्त्यांमध्ये एका युजरला तासाला १० च कॅलेंडरं बनवता येतात आणि पुढे ४२९ (मर्यादा ओलांडली) येतं. युजरच्या सेटिंगमधून एक ॲप पासवर्ड तयार करून घ्या. दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर त्यावाचून चालणारच नाही.

मग कर्ल या टर्मिनल-साधनानं प्रत्येक फाइल पुट करायची, म्हणजे सर्व्हरवर ठेवायची. पत्ता असा: सर्व्हर, रिमोट.पीएचपी, डॅव्ह, कॅलेंडर्स, युजर, कॅलेंडरचा यूआरआय, नोंदीचा यूआरआय. हेडर दोन: कंटेंट-टाइप मध्ये टेक्स्ट/कॅलेंडर आणि यूटीएफ-८, आणि इफ-नन-मॅच मध्ये तारांकन. दुसऱ्या हेडरमुळे, त्या नावाची नोंद आधीच असेल तर सर्व्हर ती बदलत नाही, आणि कुणी आज हातानं दुरुस्त केलेली तारीख कालच्या प्रतीखाली गाडली जात नाही. फाइल --डेटा-बायनरी नंच द्या; नुसता --डेटा ओळींचे शेवट खाऊन टाकतो. यूआरआयमध्ये स्पेस, ॲट किंवा कोलन असू शकतं, ते टक्का-चिन्हाच्या सांकेतिक रूपात (स्पेसचं %20 असं) बदलून घ्या.

प्रत्येक फाइलचं उत्तर एका लॉगमध्ये लिहा. २०१ म्हणजे नोंद झाली. ४१२ म्हणजे ती आधीच आहे, सोडून द्या. ४०० आलं तर उत्तराचा मजकूर वाचा: बहुधा त्याच यूआयडीची (नोंदीच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाची) नोंद वेगळ्या नावानं कॅलेंडरात आहे किंवा कचरापेटीत पडली आहे. पेटीतली असेल तर तिथूनच परत आणा. ४१५ म्हणजे आयसीएस सदोष, सहसा डीटीस्टार्ट (सुरुवातीची वेळ) किंवा यूआयडी नाही. अशा थोड्याच निघतात, त्या हातानं पुन्हा लिहाव्या लागतात. सगळी ४०१ आली तर पासवर्ड चुकतोय. लगेच थांबा, नाहीतर सर्व्हर तुमचा आयपी रोखायला लागेल.

आधी पाच फाइली पाठवा आणि एका फोनवर बघा. त्यात एक दर आठवड्याची नोंद असू द्या, जिच्यातली एखादी तारीख पुढे ढकललेली आहे. ती ढकललेली तारीख आणि वेळ बरोबर आली की मग बाकीचा गठ्ठा सोडा. शेवटी चालू डेटाबेसवर तीच मोजदाद करा आणि कागदावरच्या आकड्यांशी ताडा. फरक पडला तर आधी लॉगमधल्या ४०० आणि ४१५ च्या नोंदी बघा.

डंपनंतरच्या नोंदी म्हणजे लोकांच्या उपकरणांतून आधी काढलेल्या आयसीएस फाइली आता वेबमधून आयात करा. आलेली निमंत्रणं मेलमध्ये जोडपत्र म्हणून पडलेली असतात, तीही उघडून घेता येतात. शेअर मात्र पुन्हा हातानं द्यावे लागतात. डॅव्ह_शेअर्स मधली यादी समोर ठेवा.

पूर्ण डंप आधीच ओतला गेला असेल तर

प्रत्येक कॅलेंडरला एक सिंकटोकन असतो, दर बदलाला एकनं वाढणारा. फोन म्हणतो, माझ्याकडे ९४० पर्यंतचं आहे, पुढचं दे. डंप ओतल्यावर सर्व्हर ९०० वर आला. फोनला ९४० च्या पुढचं काही मिळत नाही आणि तो समाधानी राहतो. पुढे सर्व्हरवर ९०० ते ९४० मध्ये जे बदल होतील ते त्या फोनपासून सुटू शकतात. चूक कुठेही दिसत नाही, फक्त तारखा चुकतात.

उपाय: आधी फोनातल्या नव्या नोंदी काढून घ्या. मग एसक्यूएलनं प्रत्येक कॅलेंडरचा सिंकटोकन जुन्या सर्वांत मोठ्या आकड्यापुढे न्या; नेमका माहीत नसेल तर १,००,००० मिळवा. त्यानंतर ओसीसी डॅव्ह:फिक्स-मिसिंग-कॅलडॅव्ह-चेंजेस चालवा. नव्या आवृत्त्यांमधली ही आज्ञा सगळ्या नोंदी ‘बदलल्या’ म्हणून वहीत पुन्हा चढवते आणि फोन त्या उतरवतात. ही आज्ञा तुमच्या आवृत्तीत नसेल तर प्रत्येक उपकरणावर खातं काढून पुन्हा जोडणं एवढाच मार्ग उरतो. पूर्ण डंप ओतल्यावर ओसीसी मेंटेनन्स:डेटा-फिंगरप्रिंट ही चालवा; ती फायलींच्या सिंकसाठी आहे, कॅलेंडरला तिचा उपयोग नाही.

डंपच नसेल तर

फक्त डेटाबेसच्या डेटा फोल्डरची प्रत असेल, तर एकटी आयबीडी (एका टेबलाची) फाइल उचलून भागत नाही. व्हार/लिब/मायएसक्यूएल हे सगळं फोल्डर लागतं, आयबीडेटा१ आणि लॉग फाइलींसकट. त्याची आणखी एक प्रत काढा आणि त्याच आवृत्तीच्या कंटेनरला ती द्या. सुरू झालं नाही तर इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी १ पासून एकेक वाढवत न्या. ४ आणि पुढे डेटा बिघडू शकतो, म्हणून काम प्रतीवरच. सुरू झालं की लगेच डंप घ्या आणि वरच्या वाटेनं जा.

बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही, चालू असेल तर डंपनंतरचे बदलही मिळतात. मायएसक्यूएल ८ मध्ये तो मुळातच चालू असतो आणि ३० दिवस राहतो. मारियाडीबीत मुद्दाम चालू करावा लागतो. बाजूच्या कंटेनरमध्ये डेटाबेसचं नाव मूळचंच ठेवा आणि मायएसक्यूएलबिनलॉग ला --स्टॉप-डेटटाइम मध्ये नुकसानाच्या एक मिनिट आधीची वेळ द्या.

पोस्टग्रेसवर कॅलेंडरडेटा बाइटी प्रकारचा असतो, म्हणून हेक्ससाठी एन्कोड वापरा; आणि पीजी_रीस्टोर ची आवृत्ती पीजी_डंप पेक्षा जुनी नको, नाहीतर फाइल उघडणारच नाही. एसक्यूलाइटची फाइल बिघडली असेल तर एसक्यूलाइट३ मधली .रिकव्हर वापरा, आणि डब्ल्यूएएल फाइल शेजारी असेल तर तिच्यासकट प्रत घ्या. ताजे बदल तिच्यातच असतात.

काम झाल्यावर

सेंडइन्व्हिटेशन्स पुन्हा येस करा. कचरापेटीची मुदत वाढवायची तर डॅव्ह ॲपचं कॅलेंडररिटेन्शनऑब्लिगेशन (calendarRetentionObligation, यातले आर आणि ओ मोठे) सेकंदांत द्या. ९० दिवस म्हणजे ७७७६०००. एक साधी नोंद एक-दोन किलोबाइटची असते, त्यामुळे कॅलेंडर्स, कॅलेंडरऑब्जेक्ट्स आणि डॅव्ह_शेअर्स या तीन टेबलांचा वेगळा डंप दर तासाला घेतला तरी जागा फारशी जात नाही: --सिंगल-ट्रान्झॅक्शन, --हेक्स-ब्लॉब आणि यूटीएफ८एमबी४ सह, ३५ दिवस ठेवायचा, दुसऱ्या मशीनवर. तयार केलेला ॲप पासवर्ड रद्द करा, आणि बाजूचा कंटेनर व काढलेल्या सगळ्या आयसीएस फाइली पुसून टाका. लोकांच्या डॉक्टरांच्या भेटी आणि घरच्या तारखा त्यात उघड्या पडलेल्या असतात.